शंभर वर्षांपुढील रुपयाचें मोल

हवामान व ऊर्जा यांच्या गणिती प्रतिकृतींवर आचार्यपदवीसाठीं संशोधन करणारे विद्यार्थी आपलें काम सहाध्यायांपुढें मांडतात, तेव्हां त्यांस एक प्रश्न अवश्य विचारावा : वटावाचा दर कोणता धरला? भविष्यांतील नुकसान आजच्या पैशांत मोजतांना दरसाल शेंकडा जी कसर कापतात, तिला हें नांव आहे.

श्रोतेहो, शंभर वर्षांनीं पुरामुळें शंभर रुपयांची हानि होणार असेल, तर ती टाळण्यासाठीं आज फार तर किती खर्चावें? दर शेंकडा ५ धरल्यास उत्तर येतें अवघा पाऊण रुपया, १.४ धरल्यास सुमारें २५ रुपये!

निकोलस स्टर्न यांच्या २००६ च्या अहवालांत हा दुसरा दर होता. म्हणून त्यांनीं त्वरित व मोठ्या उपायांचा आग्रह धरला. येल विद्यापीठाचे विल्यम नॉर्डहाउस यांनीं २००७ सालीं त्यावर टीका केली. त्यांचा दर पुष्कळ मोठा, म्हणून सल्लाहि क्रमाक्रमानें पावलें टाकण्याचा. त्यांना २०१८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पण वाद मिटला नाहीं.

कारण आपल्या पणतवंडांच्या रुपयास किती मोल द्यावें, हें कोणतेंहि गणकयंत्र ठरवूं शकत नाहीं. तें माणसांनींच ठरवावयाचें असतें. यास्तव संशोधकानें आलेख दाखविण्यापूर्वीं आपला दर सांगावा, आणि ऐकणारांनीं त्याचें कारण निःसंकोचपणें विचारावें.