सेलमच्या मुलींना नेमकं काय झालं होतं?

घरातली मुलगी एकाएकी विचित्र वागायला लागली की पहिली चर्चा काय होते ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं असर झालाय. एखादी खाला हळूच विचारते, "मगरिबच्या वेळी झाडाखालून गेली होती का?" डॉक्टरचा नंबर त्यानंतर लागतो. आणि डॉक्टरने "रिपोर्ट नॉर्मल आहेत" असं सांगितलं, की आराम वाटायच्या ऐवजी आधीच्या शंकांना पुरावा मिळाल्यासारखं होतं. "बघा, दवाखान्यातलं नाहीच हे!"

अगदी याच वळणावर सव्वातीनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतलं एक गाव घसरलं, आणि वर्ष संपायच्या आत वीस माणसं मारली गेली. त्या मुलींना नक्की काय झालं होतं यावर इतिहासकार, डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ अजून वाद घालतात. तो वाद समजून घेण्यासारखा आहे.

गाव म्हणजे मॅसॅच्युसेट्समधलं सेलम व्हिलेज. आज त्याला डॅनव्हर्स म्हणतात. तेव्हा तिथे इंग्रजांची वसाहत होती आणि लोक प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीचे ख्रिस्ती. १६९२ च्या जानेवारीत तिथले पाद्री सॅम्युअल पॅरिस यांच्या घरात त्यांची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि अकरा वर्षांची भाची ॲबिगेल विल्यम्स यांना झटके यायला लागले. अंग वेडंवाकडं पिळवटायचं, घशातून भलतेच आवाज यायचे. कुणीतरी चिमटे काढतंय, चावतंय, असं त्या ओरडायच्या. बरेच दिवस दुआ आणि उपवास झाले. मग डॉक्टर आला. त्याला आजार सापडला नाही, तेव्हा त्याने सांगितलं की यामागे "दुष्ट हात" आहे.

शेजारच्या मेरी सिबली नावाच्या बाईने उतारा सुचवला. राय नावाच्या धान्याच्या पिठात मुलींची लघवी घालून भाकरी भाजायची आणि कुत्र्याला घालायची, म्हणजे करणी करणारीचं नाव कळेल. तसं केलंही. पाद्रीसाहेबांना हे नंतर कळलं तेव्हा त्यांनी त्या बाईला चर्चमध्ये सर्वांसमोर झापलं, की सैतानाविरुद्ध सैतानाचीच मदत घेतलीस. पण तोवर आणखी मुलींना झटके सुरू झाले होते आणि नावंही पुढे आली होती.

पहिली तीन नावं बघा. टिटुबा, म्हणजे पॅरिसच्या घरातली गुलाम बाई. सारा गुड, जी घरोघरी मागून खायची. आणि सारा ऑसबॉर्न, जी आजारपणामुळे बरेच दिवस चर्चला आली नव्हती आणि जिच्यावर जमिनीच्या वादातून लोकांचा राग होता. तिघींच्याही बाजूने उभं राहणारं कुणी नव्हतं.

तिथून आग पसरली. दीडशेहून जास्त लोकांवर आरोप झाले. एकोणीस जणांना फाशी झाली, चौदा बायका आणि पाच पुरुष. जाइल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्याने खटल्याला उत्तर द्यायला नकार दिला, तर त्याच्या अंगावर दगड रचून त्याला चिरडलं. किमान पाच जण तुरुंगातच गेले. सारा गुडची चार-पाच वर्षांची मुलगी डोरोथी हिलाही साखळदंड घालून महिनोन्महिने कोठडीत ठेवलं होतं. ती पुढे कधी नीट झाली नाही, असं तिच्या बापाने नंतर अर्जात लिहून दिलं. (सेलममध्ये चेटकिणींना जाळलं, असं पुष्कळदा सांगितलं जातं. तसं काही झालं नव्हतं. जाळण्याचे प्रकार युरोपात झाले.)

आता मूळ प्रश्न. मुलींना काय झालं होतं?

सगळ्यात गाजलेलं उत्तर धान्यातल्या बुरशीचं आहे. १९७६ मध्ये लिंडा कॅपोरेल या तरुण संशोधिकेने 'सायन्स' मासिकात मांडलं, की सेलमच्या लोकांच्या भाकरीत अरगट असावा. आपल्याकडच्या शेतकऱ्याला अरगट सांगावा लागत नाही. बाजरी फुलोऱ्यात असताना ढगाळ, दमट हवा राहिली की कणसातून मधासारखा चिकट द्रव गळतो आणि मग दाण्याच्या जागी काळपट, कडक गाठी तयार होतात. म्हणूनच बाजरीचं बियाणं पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाकायचं, वर तरंगेल ते काढून जाळायचं, असा सल्ला कृषी विभाग देतो. अशी बाजरी पोटात गेली की मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी येते. १९७५ मध्ये राजस्थानात अशा विषबाधेची साथ आली होती. रायवरची बुरशी बाजरीवरच्या बुरशीची बहीण म्हणा, पण तिचं विष वेगळं. तिने आकडी येते, कातडीखाली मुंग्या चालल्यासारखं वाटतं, नाही ते दिसू लागतं. एलएसडी हा नशेचा पदार्थ प्रथम याच अरगटातल्या द्रव्यापासून बनवला गेला.

कॅपोरेलची मांडणी वरवर अगदी चपखल बसते. १६९१ चा उन्हाळा दमट, गावाच्या पश्चिमेकडची जमीन पाणथळ, राय हे नेहमीचं पीक. पाद्रीचा पगारही अंशतः धान्याच्या रूपात यायचा. नवीन धान्य हिवाळ्यात खायला काढलं आणि त्याच सुमाराला झटके सुरू झाले. वर्तमानपत्रांनी ही गोष्ट उचलून धरली. आजही इंटरनेटवर शोधाल तर हेच उत्तर सगळ्यात आधी सापडेल.

पण त्याच वर्षी, त्याच मासिकात, निकोलस स्पॅनोस आणि जॅक गॉटलिब या दोघांनी ते खोडून काढलं. त्यांचे मुद्दे साधे आहेत. एका चुलीवरची भाकरी सगळं घर खातं. मग फक्त मुलीच आजारी कशा पडल्या? बारीक पोरं, म्हातारे, पुरुष का नाहीत? आकडी आणणारा अरगटाचा प्रकार मुख्यतः 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या लोकांत दिसतो. सेलमला तर दूध होतं, मासळी होती. उलट्या-जुलाबांचा उल्लेख कागदपत्रांत जवळजवळ नाहीच. आणि मला सगळ्यात पटतो तो मुद्दा हा: आरोपी बाई कोर्टात आली की मुली कोसळायच्या, आणि तिचा हात अंगाला लावला की शांत व्हायच्या. पोटातल्या विषाला कोर्टाचं वेळापत्रक कुठून कळणार?

१९९९ मध्ये लॉरी विन कार्लसन यांनी मेंदूला सूज आणणाऱ्या एका साथीच्या आजाराची शक्यता मांडली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तशी साथ जगभर पसरली होती. त्या तर्कालाही हाच वेळापत्रकाचा प्रश्न आडवा येतो.

मग सगळं नाटक होतं का? काही ठिकाणी नक्कीच. सारा गुडच्या खटल्यात एका मुलीने ओरडून सांगितलं, की हिच्या भुताने मला सुरी मारली, आणि सुरीचा तुटलेला तुकडाही काढून दाखवला. तेवढ्यात एक तरुण उठला. सुरीचा उरलेला भाग दाखवून म्हणाला, ही माझी सुरी, काल माझ्या हातून तुटली, तो तुकडा मी हिच्यासमोरच फेकला होता. न्यायाधीशांनी काय करावं? मुलीला "खोटं बोलू नकोस" अशी तंबी दिली आणि तिची गवाही पुढे चालू ठेवली!

तरीही सगळ्या मुली महिनोन्महिने फक्त ढोंग करत होत्या, हे पटत नाही. जानेवारीत पॅरिसच्या घरात काय वातावरण होतं ते पाहा. कडाक्याची थंडी. गावातल्या एका गटाने पाद्रीचा पगार अडवलेला, सरपणसुद्धा पोहोचत नाही. बाप दर आठवड्याला व्यासपीठावरून सांगतो, की सैतान आपल्यातच लपला आहे. उत्तरेकडे मूळ रहिवाशांशी आणि फ्रेंचांशी लढाई पेटलेली. आरोप करणाऱ्या काही मोठ्या मुली मेनच्या सरहद्दीवरून आल्या होत्या. मर्सी लुईसचे आईबाप तिथल्या लढाईतच गेले आणि ती दुसऱ्यांच्या घरी मोलकरीण झाली. इतिहासकार मेरी बेथ नॉर्टन यांनी २००२ च्या पुस्तकात याच धाग्यावर भर दिला आहे. त्या काळात मुलीने बोलायचं नाही, काम करायचं आणि ऐकायचं. अशा मुलीचा धसका तोंडातून निघत नाही. तो हातापायांतून निघतो.

डॉक्टर याला कन्व्हर्जन म्हणतात. मनावरचा ताण शरीराची लक्षणं होऊन बाहेर पडतो. यात मुलगी खोटं बोलत नसते. झटका खरा असतो, हात खरोखर वाकडा होतो, पण मज्जातंतूत बिघाड नसतो. म्हणून तर रिपोर्ट नॉर्मल येतात. आणि हे एकीकडून दुसरीकडे पसरतं. शाळेत काम करणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. परीक्षेच्या आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी एक मुलगी चक्कर येऊन पडते आणि तास संपेपर्यंत आणखी तिघी. मराठवाड्यात ज्याला भानामती म्हणतात, ज्यात बायका एकीचं पाहून दुसरी अशा भुंकायला लागतात, तेही याच जातीचं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ल रॉय गावात २०११ च्या शेवटी एका हायस्कूलच्या मुलींना अचानक मानेला, हाताला झटके आणि तोंडातून आवाज सुरू झाले. पालकांनी पाणी आणि माती तपासायला लावली. काही निघालं नाही. टीव्हीचे कॅमेरे हटले, उपचार झाले आणि बहुतेक मुली सुधारत गेल्या.

सेलममध्येही असं एक उदाहरण आहे, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. बेटी पॅरिस ही सगळ्यात पहिली आजारी. तिला मार्चमध्ये घरच्यांनी सेलम टाउनमधल्या ओळखीच्या कुटुंबात पाठवलं. गर्दीपासून आणि कोर्टापासून दूर. सुरुवातीला तिथेही तिला झटके आले, पुढे ते थांबले. मोठी झाली, लग्न झालं, मुलंबाळं झाली. तिची चुलत-आत्ये भावंडं म्हणा किंवा मैत्रिणी, कोर्टात राहिल्या, आणि वाढत्या गर्दीसमोर त्यांचे झटकेही वाढत गेले.

पण इथे थांबलो तर चुकीच्या जागी थांबल्यासारखं होईल. मुली का थरथरत होत्या हा एक प्रश्न. माणसं फासावर का गेली हा दुसरा. बुरशी असो, हिस्टेरिया असो की ढोंग, नऊ-बारा वर्षांच्या मुली फाशीचा हुकूम देत नसतात. तक्रारी मोठ्या माणसांनी नोंदवल्या. त्यात थॉमस पुटनम यांचं घराणं पुढे होतं, आणि १९७४ मध्ये बॉयर आणि निसनबॉम या दोघांनी दाखवलं की आरोपांमागे गावातल्या जुन्या गटबाजीची छाया आहे. न्यायाधीशांनी ज्याला 'छाया-पुरावा' म्हणता येईल तो मान्य केला. म्हणजे अमक्या बाईचं रूप मला रात्री येऊन छळतं, असं मुलगी म्हणाली की झाला पुरावा. ती बाई त्या रात्री स्वतःच्या घरी झोपली होती, हा बचाव चालेना. अशा आरोपातून सुटायचं कसं?

एकच वाट होती, कबुली. टिटुबाने मारहाणीनंतर कबुली दिली, असं तिने पुढे सांगितलं. बॉस्टनचा उंच माणूस, पिवळा पक्षी, सह्यांचं पुस्तक, सगळं रंगवून सांगितलं, आणि ती वाचली. पन्नासेक लोकांनी तेच केलं. ज्यांनी "मी काही केलं नाही" यावर टिकून राहायचं ठरवलं ते मेले. रेबेका नर्स ७१ वर्षांची, अंथरुणाला खिळलेली, सज्जन म्हणून गावभर नाव. ज्यूरीने तिला आधी निर्दोष ठरवलं. मुलींनी आरडाओरडा केला, तेव्हा न्यायाधीशांनी ज्यूरीला पुन्हा विचार करायला लावलं. तिच्या एका वाक्याचा अर्थ काय, असं तिला विचारलं. ती गप्प राहिली आणि ते गप्प राहणं गुन्हा ठरलं. नंतर तिने लेखी कळवलं, की मला कमी ऐकू येतं, प्रश्न कळलाच नाही. १९ जुलैला तिला फाशी झाली.

आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. एखाद्या व्यक्तीवर करणी केल्याचा, सैतान असल्याचा ठपका ठेवून तिला त्रास देणं हा त्यात गुन्हा आहे. त्या कायद्याला मुलीच्या झटक्याचं कारण विचारायचं नसतं. बोट कुणाकडे दाखवलं आणि त्या माणसाचं पुढे काय केलं, एवढंच तो बघतो.

सेलमचं वेड ऑक्टोबर १६९२ मध्ये उतरायला लागलं. आरोप मोठ्या घरांपर्यंत, खुद्द गव्हर्नर फिप्सच्या बायकोपर्यंत पोहोचले होते. पाद्री इन्क्रीज मॅदर यांनी लिहिलं, की दहा संशयित सुटले तरी चालतील पण एक निरपराध मरता कामा नये. गव्हर्नरने ते कोर्टच बरखास्त केलं. जानेवारी १६९७ मध्ये न्यायाधीश सॅम्युअल सुअल चर्चमध्ये उभे राहिले आणि त्यांची लेखी माफी सर्वांसमोर वाचली गेली. १७०६ मध्ये ॲन पुटनम, जी तेव्हा बारा वर्षांची होती, तिनेही माफी मागितली, पण दोष सैतानाच्या भुलीवर टाकला. १७११ मध्ये बऱ्याच जणांची नावं स्वच्छ करून वारसांना भरपाई दिली गेली.

एलिझाबेथ जॉन्सन नावाच्या बाईचं नाव मात्र राहून गेलं. तिला फाशीची शिक्षा झाली होती, ती अमलात आली नाही, आणि तिला मुलंबाळं नव्हती, म्हणून अर्ज करायलाही कुणी नव्हतं. तिचं प्रकरण नॉर्थ अँडोव्हरच्या एका शाळेतल्या आठवीच्या मुलांनी नागरिकशास्त्राच्या प्रकल्पात हाती घेतलं. त्यांनी कागदपत्रं गोळा केली, आमदारांना पत्रं लिहिली. २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने तिला निर्दोष ठरवलं.