धावत्या आज्ञावलीची नाडीपरीक्षा

एखाद्या बँकेचा सर्व्हर भर दुपारी मंदावतो. आज्ञावली बंद पडलेली नसते, नोंदींच्या फाइलमध्ये चूक उमटलेली नसते. पण प्रत्येक व्यवहाराला लागणारा वेळ वाढत जातो. अशा वेळी आज्ञावली थांबवून, तीत जास्तीच्या नोंदी घालून ती पुन्हा सुरू करणे परवडत नाही. शिवाय पुन्हा सुरू करताच दुखणे नाहीसे झाले, तर निदान हुकते ते हुकतेच. रुग्ण चालता-बोलता असतानाच त्याची नाडी पाहण्याची सोय लिनक्समध्ये आहे. तिला ‘यूप्रोब’ म्हणतात. २०१२ साली लिनक्सच्या ३.५ या आवृत्तीत ती दाखल झाली. कर्नलच्या स्वतःच्या फंक्शनवर टेहळणी करणारी ‘केप्रोब’ ही सोय त्याआधी २००४ पासूनच होती.

यूप्रोबची युक्ती साधी आहे. ज्या फंक्शनवर लक्ष ठेवायचे, त्याच्या पहिल्या सूचनेच्या जागी कर्नल एक ‘थांबा’ बसवतो. इंटेल घराण्यातील प्रोसेसरांवर तो अवघ्या एका बाइटचा असतो. आज्ञावली तेथे पोहोचली की नियंत्रण कर्नलकडे जाते, हवी ती नोंद होते, बाजूला जपून ठेवलेली मूळ सूचना पार पाडली जाते आणि आज्ञावली पुढे चालू लागते. डिस्कवरील फाइलला हात लागत नाही. बदल होतो तो स्मृतीतील प्रतीत. महत्त्वाचे म्हणजे, हा थांबा फाइल आणि तिच्या आरंभापासूनचे अंतर या जोडीवर बसतो. म्हणजेच ती फाइल वापरणाऱ्या सर्व प्रक्रियांना तो लागू करता येतो.

पण माणसाला अंतर ठाऊक नसते, त्याला नाव ठाऊक असते. ‘मॅलॉकवर लक्ष ठेव’ एवढेच सांगावे आणि उरलेले साधनाने पाहावे, ही अपेक्षा रास्तच. लिबबीपीएफ या लायब्ररीत २०२२ साली ०.८ आवृत्तीबरोबर ही स्वयंचलित जोडणी आली. फाइलचे व फंक्शनचे नाव लिहिले की पत्ता तीच शोधते. अशा प्रकारच्या कोडची तपासणी करणाऱ्याचे खरे काम येथून सुरू होते, कारण नावापासून पत्त्यापर्यंतच्या वाटेवर खड्डे पुष्कळ आहेत.

पहिला खड्डा हिशेबाचा. फाइलच्या नावांच्या तक्त्यात मिळतो तो स्मृतीतील पत्ता. कर्नलला हवे असते फाइलमधील अंतर. त्यासाठी तो पत्ता ज्या भागात येतो, त्या भागाचा स्मृतीतील आरंभ वजा करून फाइलमधील आरंभ मिळवावा लागतो. ही वजाबाकी विसरली आणि फरक मोठा असला, तर अंतर फाइलच्या बाहेर जाते आणि कर्नल ते नाकारतो. फरक लहान असला तर मात्र थांबा भलत्याच जागी, कदाचित एखाद्या सूचनेच्या मधोमध बसतो. मग प्रोसेसर अर्धवट बदललेली सूचना वाचतो. आज्ञावली कोसळते किंवा, त्याहून वाईट, चुकीचे उत्तर देत चालू राहते. कित्येक फाइलींत हे दोन आकडे योगायोगाने सारखेच असतात. त्यामुळे लेखकाच्या यंत्रावर चाचणी उत्तीर्ण होणे हा येथे फारसा पुरावा ठरत नाही. वेगळ्या लिंकरने बांधलेली फाइल मागितलीच पाहिजे.

दुसरा प्रश्न नावांचा. एकाच फाइलमध्ये एकाच नावाची दोन अंतर्गत फंक्शने असू शकतात. त्यांतील पहिले निमूटपणे उचलणारा कोड परत पाठवावा. संदिग्धता असेल तर चूक कळवणे हेच योग्य, आणि लिबबीपीएफ तसेच करते. फाइलचा मार्ग शोधणेही वाटते तितके सरळ नाही. डेबियन कुळातील वितरणांत लायब्ररी निराळ्या उपनिर्देशिकेत असतात. त्यांच्यासाठी लिबबीपीएफमध्ये पाठोपाठ स्वतंत्र दुरुस्ती करावी लागली. कंटेनरमधील आज्ञावली तर त्याच नावाची, पण वेगळीच फाइल वापरत असते.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे शून्य. कंपायलरने एखादे फंक्शन बोलावणाऱ्याच्याच शरीरात विरघळवून टाकले, पण त्याची स्वतंत्र प्रत शिल्लक राहिली, तर जोडणी यशस्वी होते आणि थांब्यावर कोणीच येत नाही. कंटेनरबाहेरच्या फाइलवर थांबा बसला तरी तेच. पडद्यावर शून्य दिसते आणि ‘हे फंक्शन वापरातच नाही’ असा निष्कर्ष निघून तपास भलत्या दिशेला जातो. कोसळलेली आज्ञावली निदान ओरडून सांगते. हे शून्य गप्प बसते.

खर्चाचाही विचार हवा. थांब्यावर दर वेळी कर्नलमध्ये जाऊन यावे लागते. मॅलॉकसारखे क्षणोक्षणी बोलावले जाणारे फंक्शन निवडले आणि प्रक्रियेची मर्यादा घातली नाही, तर आधीच मंदावलेला सर्व्हर तपासाच्या ओझ्याने आणखी वाकतो. ही जोडणी करण्यास विशेषाधिकार लागतात तेही योग्यच; सांकेतिक रूप देणाऱ्या लायब्ररीच्या लेखन-फंक्शनवर थांबा बसवला, तर पासवर्ड उघड्या अक्षरांत वाचता येतात.

फंक्शन परतताना नोंद घेणारी सोय २०१३ साली ३.१० आवृत्तीत आली. ती स्टॅकवरील परतीचा पत्ता बदलते. गो भाषेतील आज्ञावली मात्र आपला स्टॅक वाढवताना तो दुसरीकडे हलवतात आणि त्यावरील परतीचे पत्ते तपासतात; तेथे अनोळखी पत्ता आढळताच त्या कोसळतात. म्हणून गोच्या आज्ञावलींसाठी फंक्शनमधील प्रत्येक परतीची सूचना शोधून तेथे साधा थांबा बसवण्याची पद्धत वापरली जाते.