माडीच्या फळ्यांना फटी का पडतात?

आमच्या पुण्याच्या जुन्या घरात माडीची जमीन सागाच्या फळ्यांची होती. मे महिन्यात दोन फळ्यांमधल्या फटीत रुपयाचे नाणे उभे सोडले, की ते थेट खालच्या ओटीवर पडे. ऑगस्टमध्ये त्याच फटीत पोस्टकार्डही शिरत नसे. एका उन्हाळ्यात वडीलधाऱ्यांनी या फटी कायमच्या बंद करायचे ठरवले आणि लाकडाच्या बारीक पट्ट्या ठोकून त्या गच्च भरून घेतल्या. जुलैत खोलीच्या मधोमध फळ्या कमानीसारख्या वर आल्या. दोन तर खिळ्यांसकट उचकटल्या! असे का व्हावे? हे समजण्यासाठी लाकडाच्या आत डोकवावे लागेल.

गव्हाच्या काडांची पेंढी डोळ्यांसमोर आणा. लाकूडही असेच लांबट, पोकळ पेशींचे बनलेले असते. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. लाकूड वाळू लागले की आधी पोकळीतले पाणी जाते. त्याने वजन घटते, पण आकार बदलत नाही. लाकडातील पाणी कोरड्या लाकडाच्या वजनाच्या शेकडा 30 च्या आसपास आले, की मग भिंतींतले पाणी निघू लागते. भिंतींतील सेल्युलोजचे तंतू एकमेकांजवळ सरकतात, भिंती बारीक होतात आणि लाकूड आकसते. हवा दमट झाली की हेच उलट घडते. झाड तोडून शंभर वर्षे झाली तरी हा व्यवहार थांबत नाही. म्हणून उन्हाळ्यात सरळ लागणारे दार पावसाळ्यात चौकटीला अडते.

आता खरी गंमत पाहा. हे तंतू बहुतांशी खोडाच्या लांबीला समांतर असतात. पाणी त्यांच्या मध्ये शिरते आणि त्यांना बाजूंना ढकलते. तंतूंची लांबी त्यामुळे फारशी बदलत नाही. म्हणून फळी लांबीत जवळजवळ तेवढीच राहते, रुंदीत मात्र बदलते. वलयांच्या दिशेने कापलेली 20 सेंटिमीटर रुंदीची सागाची फळी घ्या. तिच्यातील आर्द्रता शेकडा 14 वरून 9 वर आली, तर तिची रुंदी सुमारे 2 मिलिमीटर कमी होते. अशा 15 फळ्या शेजारी शेजारी बसवल्या की 3 मीटरची खोली होते, आणि फरक होतो 3 सेंटिमीटरचा! आमच्या माडीवर हे तीन सेंटिमीटर फटींमध्ये वाटले गेले होते. त्या फटी भरल्यावर फुगणाऱ्या फळ्यांना वर येण्यावाचून दुसरी वाट उरली नाही. आणि साग तर कमी आकसणाऱ्या लाकडांपैकी एक!

फट दोन फळ्यांमधली असते, भेग मात्र फळीच्या अंगातच पडते. तिचे मूळ भूमितीत आहे. अनेक जातींच्या झाडांत पूर्ण वाळेपर्यंत लाकूड त्रिज्येच्या दिशेने शेकडा 4 आकसते, तर वलयांच्या दिशेने शेकडा 8. समजा, ओंडक्याची त्रिज्या 10 सेंटिमीटर आहे. म्हणजे परीघ 62.8 सेंटिमीटर. वाळल्यावर त्रिज्या 9.6 झाली. तिला साजेसा परीघ हवा 60.3, पण उरतो 57.8. हे अडीच सेंटिमीटर आणायचे कोठून? ओंडका परिघाकडून गाभ्याकडे तडकतो आणि तेवढी जागा भेगेची होते. भेग बाहेर रुंद व आत निमुळती का, हे आता सांगायला नकोच. जपानी सुतार अख्ख्या ओंडक्याचा खांब करताना न दिसणाऱ्या बाजूला करवतीने गाभ्यापर्यंत एक चीर मुद्दाम पाडून ठेवतात. आकसणे त्या चिरेत सामावते आणि दर्शनी बाजू अखंड राहते.

घाई हे भेगांचे दुसरे कारण. ओली फळी कडक उन्हात टाकली, तर वरचा थर आधी वाळून आकसू पाहतो, पण आतला ओला भाग त्याला आकसू देत नाही. मग पृष्ठभाग फाटतो. फळीच्या टोकाशी पेशींची तोंडे उघडी असल्याने तेथून पाणी फार वेगाने जाते. म्हणूनच वखारीत ओंडक्यांच्या टोकांना रंग किंवा डांबर फासलेले दिसते. फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचून सावकाश वाळवाव्या लागतात. स्वस्त मिळाली म्हणून ओली फळी घेणारा पुढच्या उन्हाळ्यात दुप्पट खर्च करतो, असे माझे मत आहे.

काळजी कशी घ्यावी, हे यावरून तुम्हीच ओळखाल. फळ्यांच्या जमिनीवर बादलीभर पाणी ओतून धुऊ नये. घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे. ऋतूनुसार उघडणाऱ्या-मिटणाऱ्या फटी कडक वस्तूने भरू नयेत. नव्या जमिनीत भिंतीलगत थोडी जागा मोकळी सोडावी. रुंद फळी दोन्ही कडांना खिळ्यांनी जखडू नये, नाहीतर आकसताना ती मधोमध फाटते. जवसाचे तेल किंवा वॉर्निश पाण्याची ये-जा मंद करते, थांबवत नाही. तेल लावलेली फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि ढिगातली फडकी आपोआप पेटू शकतात! ती मोकळ्यावर पसरून वाळवावीत.

एक प्रयोग जरूर करा. नुकत्याच तोडलेल्या मनगटाएवढ्या जाड फांदीच्या बोटभर जाडीच्या दोन चकत्या मोठ्या माणसाकडून कापून घ्या. एकीला करवतीने कडेपासून मध्यापर्यंत चीर पाडा, दुसरी तशीच ठेवा. दोन्ही सावलीत ठेवून चिरेची कडेजवळची रुंदी दर रविवारी मोजा. अखंड चकती बहुधा स्वतःच एखादी भेग पाडून घेईल. चिरलेलीची चीर रुंदावत जाईल. प्रयोग मार्चमध्ये सुरू केलात, तर चकत्या फेकू नका. जुलैत चीर पुन्हा मोजा.