शपथभंग आणि मतपत्रिका

१८६५ सालीं अमेरिकेंतील यादवी युद्ध संपलें, गुलामगिरी नष्ट झाली, आणि पराभूत झालेल्या दक्षिणेकडील संस्थानांनीं वॉशिंग्टनच्या विधिमंडळांत आपले प्रतिनिधि पुन्हां पाठविण्यास आरंभ केला. त्यांचीं नांवें ऐकून उत्तरेकडील मुत्सद्दी थक्क झाले. १८६६ च्या जानेवारींत जॉर्जिया संस्थानानें सेनेटवर ज्यांस निवडून दिलें, ते अलेक्झांडर स्टीफन्स वर्षभरापूर्वीं बंडखोर दक्षिणेच्या सरकारचे उपाध्यक्ष होते! जें राज्य मोडण्यासाठीं चार वर्षें रक्त सांडलें, त्याच राज्याचे कायदे करावयास हे गृहस्थ निघाले होते. सेनेटमध्यें त्यांस जागा मिळाली नाहीं. परंतु असल्या प्रत्येक पाहुण्यासाठीं दार अडवून उभें राहणें हा कांहीं कायमचा उपाय नव्हे.

या अनुभवांतून चौदाव्या घटनादुरुस्तीचें तिसरें कलम जन्मास आलें आणि १८६८ सालीं तें घटनेंत समाविष्ट झालें. ज्यानें विधिमंडळाचा सभासद, न्यायाधीश किंवा सरकारी अधिकारी या नात्यानें घटनेस पाठिंबा देण्याची शपथ घेतली आणि पुढें तिच्याविरुद्ध बंडांत भाग घेतला, त्यास पुन्हां अधिकारपद मिळूं नये, असा त्याचा आशय. ही बंदी उठविण्याचा अधिकार काँग्रेसला (हें तेथील विधिमंडळाचें नांव, आपल्याकडील पक्षाशीं त्याचा संबंध नाहीं) दोन्ही सभागृहांच्या दोन-तृतीयांश मतांनीं वापरावयाचा होता. सामान्य शिपायावर या कलमाचा रोख नव्हता. नांगर सोडून बंदूक उचलणारा शेतकरी त्यांतून सुटला. शपथ घेऊन ती मोडणारा मात्र अडकला.

आज पुष्कळ लोक म्हणतात कीं, उमेदवार योग्य कीं अयोग्य हें मतदारांनीं ठरवावें, न्यायाधीशांनीं त्यांत पडूं नये. हें म्हणणें वजनदार आहे यांत शंका नाहीं. परंतु कलमाच्या कर्त्यांस तें ठाऊक नव्हतें असें नव्हे. बंडखोरांस निवडून दिलेलें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें, म्हणूनच तर त्यांनीं हें कलम लिहिलें.

त्यांनीं एक गोष्ट मात्र लिहिली नाहीं: अमुक मनुष्यानें बंडांत भाग घेतला, हें ठरवावयाचें कोणीं? या मौनाचा त्रास लगेच जाणवूं लागला. १८६८ च्या अखेरीस बंडखोरांचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांच्यावरील राजद्रोहाच्या खटल्यांत, या कलमानें त्यांस आपोआपच शिक्षा झाली आहे, दुसरी देतां येणार नाहीं, असा युक्तिवाद झाला. सरन्यायाधीश सॅमन चेस यांस तो पटला. पुढच्याच वर्षीं व्हर्जिनियांत सीझर ग्रिफिन नांवाच्या निग्रो कैद्यानें अर्ज केला कीं, आपणांस शिक्षा देणारा न्यायाधीश या कलमानें अपात्र आहे, म्हणून ती शिक्षा रद्द व्हावी. तेव्हां त्याच चेससाहेबांनीं निर्णय दिला कीं, काँग्रेसनें कायदा केल्यावांचून हें कलम चालत नाहीं! हा अर्ज मान्य झाला असता तर दक्षिणेंतील असंख्य निकाल कोसळले असते, ही त्यांची भीति समजण्याजोगी होती; पण बंडखोरांच्या अध्यक्षास जें कलम आपोआप लागू पडलें, तें कैद्याच्या वेळीं निर्जीव ठरलें.

१८७० सालीं काँग्रेसनें तो कायदा केला. विधिमंडळांचे सभासद वगळून इतर अपात्र अधिकाऱ्यांस पदच्युत करण्यासाठीं सरकारी वकिलांनीं दावे आणावेत, अशी त्यांत तरतूद होती. १८७२ सालीं बहुतेकांस माफी मिळाली, १८९८ सालीं उरलेल्यांसही मिळाली, आणि कलम निद्रिस्त झालें. १८७० ची ती तरतूदही १९४८ सालीं रद्द करण्यांत आली. तिची गरज पुन्हां पडेल असें त्या वेळीं कोणासही वाटलें नसावें.

६ जानेवारी २०२१ रोजीं डोनाल्ड ट्रंप यांच्या अनुयायांचा जमाव वॉशिंग्टनच्या विधिमंडळ-भवनांत घुसला. अध्यक्षीय निवडणुकीच्या मतांची मोजणी कांहीं तास बंद पडली. प्रतिनिधिगृहानें ट्रंप यांच्यावर बंडास चिथावणी दिल्याचा आरोप ठेवला. सेनेटमध्यें ५७ सभासदांनीं ते दोषी असल्याचें मत दिलें, ४३ जणांनीं विरुद्ध. दोषी ठरविण्यास ६७ मतें लागत होतीं. २०२३ च्या ऑगस्टमध्यें फौजदारी खटला दाखल झाला, पण त्यांतील चार आरोपांत बंडाचा आरोप नव्हता.

अखेर कोलोरॅडो संस्थानांतील सहा मतदार, रिपब्लिकन व अपक्ष, न्यायालयांत गेले. डेन्व्हरच्या जिल्हा न्यायाधीशांनीं साक्षीपुरावा ऐकून नोव्हेंबर २०२३ मध्यें निर्णय दिला: ट्रंप यांनीं बंडांत भाग घेतला हें खरें, परंतु कलमांत अध्यक्षपदाचा उल्लेख नाहीं, म्हणून तें त्यांस लागू नाहीं. क्षुद्र पदाधिकारी अपात्र आणि राष्ट्राध्यक्ष तेवढा मोकळा, असा अर्थ कलमाच्या कर्त्यांस अभिप्रेत असेल हें मनास पटत नाहीं. तेथील सर्वोच्च न्यायालयासही तें पटलें नाहीं. १९ डिसेंबर रोजीं चार विरुद्ध तीन मतांनीं त्यानें ट्रंप यांस अपात्र ठरविलें. थोड्याच दिवसांत मेन संस्थानाच्या सेक्रेटरीनेंही तसाच निर्णय केला. मिनेसोटा आणि मिशिगन येथील न्यायालयांनीं मात्र पक्षांतर्गत निवडणुकीपुरतें नांव वगळण्यास नकार दिला.

४ मार्च २०२४ रोजीं वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानें कोलोरॅडोचा निर्णय एकमतानें फिरविला. एकच उमेदवार एका संस्थानांत पात्र व शेजारच्या संस्थानांत अपात्र ठरला तर राष्ट्राच्या निवडणुकीचें चिरगूट होईल, हें त्याचें कारण अगदीं सबळ आहे. परंतु नऊपैकीं पांच न्यायाधीश याहून पुढें गेले: काँग्रेसनें कायदा केल्याशिवाय अशा पदांसाठीं हें कलम अमलांत यावयाचें नाहीं. उरलेल्या चौघांनीं एवढें पाऊल टाकण्याची गरज नव्हती असें बजावलें, आणि तें योग्यच होतें. कारण बंदी उठविण्यास दोन-तृतीयांश मतें हवींत असें घटना म्हणते. पण कायदाच न करणें हें साध्या बहुमतासही जमतें, मग त्या दोन-तृतीयांशास अर्थ काय उरला? बंड झालें कीं नाहीं, ट्रंप त्यांत होते कीं नाहीं, या मूळ प्रश्नास मात्र न्यायालयानें स्पर्शच केला नाहीं. डेन्व्हरचा तो निष्कर्ष ना कायम झाला, ना खोडला गेला.

खरा दोष विलंबाचा होता. घटना घडली २०२१ च्या आरंभीं, निकाल लागला कोलोरॅडोंतील पक्षांतर्गत मतदानाच्या आदल्या दिवशीं. लाखो लोकांचा उमेदवार त्यांच्या हातांत मतपत्रिका पडतां पडतां काढून घेणें ही गोष्ट कोणत्याही न्यायाधीशास जड जाणार. १८७० सारखी तरतूद जिवंत असती, तर एका मध्यवर्ती न्यायालयापुढें, पुरावा ताजा असतां, निवडणुकीची धामधूम नसतां, हा प्रश्न सुटूं शकला असता. न्यायालयानें उमेदवारास अपात्र ठरवावें, पण तें अशा रीतीनें.

नोव्हेंबर २०२४ मध्यें ट्रंप निवडून आले आणि २० जानेवारी २०२५ रोजीं, ज्या इमारतींत जमाव घुसला होता तिच्याच घुमटाखालीं, त्यांनीं पुन्हां शपथ घेतली. न्यू मेक्सिको संस्थानांतील ओटेरो नांवाच्या लहानशा परगण्याचा एक मंडळ-सभासदही त्या जमावांत होता. त्याच्यावर शाबीत झालेला फौजदारी गुन्हा केवळ मनाई असलेल्या जागेंत प्रवेश केल्याचा. तरीही सप्टेंबर २०२२ मध्यें संस्थानच्या न्यायालयानें याच तिसऱ्या कलमान्वयें त्यास पदावरून काढलें. संस्थानांस आपल्या पदांपुरता तो अधिकार आहे. मार्च २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याचें अपील ऐकण्यास नकार दिला आणि त्याची अपात्रता कायम राहिली.