म्हापशाचा शुक्रवारचा बाजार : कधी जावं, काय घ्यावं आणि कुठे फसायला होतं

बांदा, सातार्डा, दोडामार्ग या बाजूच्या गावांत शुक्रवार म्हणजे म्हापशाचा दिवस. सकाळच्या गाडीत कोणी केळीचा घड, कोणी आळवाच्या जुड्या घेऊन विकायला निघालेलं असतं, तर कोणी दोन रिकाम्या पिशव्या काखेत मारून घ्यायला. म्हापसा गोव्यातल्या बार्देस तालुक्यात. बाजार रोजचाच आहे, पण शुक्रवारी तो आतल्या ओळी सोडून बाहेर रस्त्यावर येतो. 'माप' आणि 'सा' म्हणजे भरणे यावरून गावाचं नाव पडलं असं जुने लोक सांगतात. खरं-खोटं कसंही असो, नाव शोभतं.

या बाजारात एका ओळीत चार भाषा ऐकू येतात. बार्देस-पेडण्याच्या बायका कोकणीत बोलतात, आपल्याकडच्या मालवणीत. बेळगाव भागातून आलेले भाजीवाले आपसात कानडी बोलतात आणि गिऱ्हाइकाशी मराठी. लमाणी बायका मण्यांच्या माळा आणि आरशाचं भरतकाम घेऊन बसतात, ते मुख्यतः गोऱ्या पर्यटकांसाठी. ख्रिस्ती बायकांकडे चोरीस, व्हिनेगर आणि घरची लोणची. मालवणी माणसाला इथे एक फायदा आहे. 'कितक्याक?' विचारलं काय नि 'कितल्याक?' विचारलं काय, समोरची समजते की हा पर्यटक नव्हे. हिंदीत विचारलं तर पहिला भाव थोडा चढाच निघतो, हा अनुभव बहुतेकांचा आहे.

आता स्वस्त कुठे मिळतं ते बघू. आधी विकणारा कोण ते ओळखावं. ढिगाने कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, गाजर असेल तर तो माल बहुतेक बेळगावहून आलेला. तिथे घासाघीस फार चालत नाही, कारण विकणाऱ्यानेच तो घाऊक घेतलेला असतो. शिवाय गोव्यात फलोत्पादन महामंडळाचे सरकारी भाजी गाळे आहेत, तिथे हीच भाजी कमी दराने मिळते. म्हणजे कांदा-बटाट्यासाठी म्हापशाला जाणं हा गाडीभाड्याचा तोटाच.

जायचं ते गावठी मालासाठी. जमिनीवर गोणपाट पसरून बसलेली, पुढ्यात पाच-सहा जिन्नस, तेही थोडे थोडे, कशाचाच आकार सारखा नाही, अशी बाई दिसली तर तिथे थांबावं. पावसात तिच्याकडे टाकळा, आळू, तवशी, दोडकी, पडवळ, सात शिरांची लांब भेंडी असते. भात कापल्यावर वायंगणातली तांबडी भाजी, मुळा, वाल, नवलकोल. सात शिरांच्या भेंडीला आणि आगशीच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. म्हापशाजवळच्या मयडे गावाच्या मोठ्या केळ्यांनाही आहे. ही केळी उकडून किंवा हलव्यासाठी वापरतात, म्हणून घेताना साल काळसर पडली असली तरी नाक मुरडू नये.

गावठी माल बहुधा वाट्यावर विकतात, किलोवर नाही. वाटा उचलून बघायला बाई हरकत घेत नाही, पण निवडायला सुरुवात केलीत तर घेईल. भाव पाडण्यापेक्षा 'वर एक घाल' म्हणणं इथे जास्त चालतं. पैसे कमी करायला नको म्हणणारी बाई मूठभर मिरच्या सहज टाकते. सकाळी भवानी व्हायची असते तेव्हा आणि दुपारनंतर परतीच्या गाडीची वेळ झाली की भाव उतरतो. पालेभाजी सकाळीच घ्यावी, दुपारी ती उन्हाने मान टाकते. काकडी, सुरण, नारळ, केळी यांना दुपारची वाट बघितली तर नुकसान नाही.

जिथे किलो आहे तिथे काट्याकडे बघा. इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दर वर्षी वैधमापन खात्याकडून करून शिक्का घ्यावा लागतो. माल ठेवण्याआधी आकडा शून्य आहे का आणि टोपलीचं वजन वजा झालं का, एवढं बघितलं तरी अर्धं काम होतं. तक्रार करायची असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर कुठूनही लागतो.

खरी गर्दी बघायची तर मे महिन्यात. पावसाची बेगमी करायची, तिला गोव्यात 'पुरुमेंत' म्हणतात. सुके बांगडे, सुकी सुंगटं, कोकमाची सोलं, चिंच, कांद्याच्या माळा, मिरची, उकडा तांदूळ, कुळीथ. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते, म्हणून सुकी मासळी त्याआधी घरात आलेली बरी. पहिला पाऊस पडला की सुकी मासळी सादळते आणि भावही वर जातो. घेताना हातात दाबून बघा. ओलसर, वजनाला जड लागली तर ती नीट वाळलेली नाही, पैसे पाण्याला जातात.

मिरचीतही फसगत होते. बेडगी सुरकुतलेली, रंगाला गडद, तिखटाला कमी. पेडण्याची हरमल आणि काणकोणची खोला या गोव्याच्या मिरच्या, दोघींनाही मानांकन आहे आणि भाव बेडगीपेक्षा चढा. त्यामुळे साधी मिरची त्यांच्या नावावर खपवायचा मोह होतोच. ओळखीच्या बाईकडून घेणं हाच उपाय. काजूचंही तेच. परदेशातून आलेली बी इथल्या कारखान्यांत फुटते, आणि दुकानात सगळंच 'गोवा काजू'. तसं बघता वेंगुर्ल्याचा काजू आपल्या दारात असताना तो म्हापशाहून का आणावा, हा प्रश्न आहेच.

आंब्याला मात्र हौसेला मोल नाही. मानकुराद हंगामाच्या सुरुवातीला डझनाला काही हजारांनी जातो. तोच मे मध्यावर सामान्य माणसाच्या हातात येतो. फार लवकर आलेला, बाहेरून एकसारखा पिवळा आणि आतून आंबट आंबा कार्बाइडवर पिकवलेला असू शकतो. कार्बाइड वापरायला कायद्याने बंदी आहे. देठाजवळ वास घेऊन बघा, वास नाही तर आंबा नाही.

आता विकणाऱ्यांचं. आपल्या तालुक्यांतून जाणाऱ्या बायकांना बसायच्या जागेसाठी 'सोपो' भरावा लागतो, ही बाजारपट्टी. पावती मागून घ्यावी आणि दिवसभर जपावी, नाहीतर दुसऱ्यांदा भरायची पाळी येते. हिशेब घरीच करून निघावं. समजा २० किलो केळी आहेत आणि गावातल्या व्यापाऱ्यापेक्षा म्हापशाला किलोमागे १० रुपये जास्त मिळतात. वर २०० रुपये झाले. त्यातून जाण्यायेण्याचं भाडं, सामानाचं भाडं, सोपो आणि दुपारचा चहा-पाव वजा केला तर दिवसाची मजुरी उरत नाही. एकाच वाडीतल्या चार-पाच जणींनी माल एकत्र करून दोघींनी जायचं, असं केलं तर परवडतं. दोडामार्गात तिळारी खोऱ्यात हत्ती बागेत घुसून केळी आडवी करतात, तिथे घड तयार व्हायची वाट बघायलाही जीव धजत नाही. मग कच्चा घड काढून मिळेल त्या भावाला द्यावा लागतो. बाजार जवळ असून या लोकांना त्याचा उपयोग अर्धाच.

परत येताना पिशवीत काय आहे ते बघा. भाजी, मासळी, मिरची कोणी अडवत नाही. दारूचं तसं नाही. गोव्यात दुकानात रीतसर पैसे देऊन घेतलेली सीलबंद बाटलीसुद्धा परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणली तर महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ खाली गुन्हा होतो, आणि गाडीही जप्त होऊ शकते. इन्सुलीच्या उत्पादन शुल्क नाक्यावर तपासणी असते. कोणी ओळखीचा 'एवढी पिशवी तुझ्याकडे ठेव, बांद्याला घेतो' म्हणाला तर आत काय आहे ते उघडून बघितल्याशिवाय ठेवून घेऊ नका. पकडली जाते ती ज्याच्या मांडीवर असते त्याची.