दोरीच्या गाठींत बांधलेला वेग

४७ फूट ३ इंच. शिडाच्या जहाजावरील एका दोरीला एवढ्या अंतराने गाठी मारलेल्या असत. आज वैमानिक आपला वेग ज्या ‘नॉट’मध्ये सांगतो, तो नॉट म्हणजे ही गाठ. दर्यावर्दींच्या बोलण्यातून इंग्रजीत आलेले असे शब्द आणि वाक्प्रचार पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या जन्माच्या कथाही पुष्कळ सांगितल्या जातात. मोबाइलवर तर त्यांना ऊत आलेला असतो. पण ही भाषा कामातून आणि मोजमापातून घडली आहे. त्यामुळे यातली एखादी कथा खरी की रचलेली, हे बऱ्याचदा कागद-पेन्सिल घेऊन तपासता येते. शब्दांच्या बाबतीत अशी सोय क्वचितच मिळते, म्हणून ती वापरायला हवी.

आधी ती दोरीच पाहू. तिच्या टोकाला लाकडाची एक फळी बांधलेली असे, आकाराने चतकोर भाकरीसारखी. तिच्या गोल कडेत शिसे भरलेले, त्यामुळे ती पाण्यात उभी राही. हिला ‘लॉग’ म्हणत. जहाजाच्या मागून ती पाण्यात सोडली की पाण्याला अडून जवळजवळ जागच्या जागी थांबे. जहाज पुढे जाई आणि एका खलाशाने दोन्ही हातांनी वर धरलेल्या रिळावरून दोरी सरसर सुटू लागे. जहाजाने घुसळलेल्या पाण्यातून फळी बाहेर पडेपर्यंत थोडी दोरी नुसतीच सोडायची. तिथे खूण म्हणून चिंधी बांधलेली असे. चिंधी हातातून गेली की इशारा व्हायचा आणि दुसरा खलाशी वाळूचे घड्याळ उलटे करायचा. वाळू संपली की तो ओरडायचा आणि दोरी पकडली जायची. तेवढ्या वेळात हातातून किती गाठी गेल्या, तो जहाजाचा वेग.

हे घड्याळ २८ सेकंदांचे असे. आता हिशेब करा. ४७ फूट ३ इंच म्हणजे सुमारे १४.४ मीटर. २८ सेकंदांत १४.४ मीटर, तर तासाच्या ३,६०० सेकंदांत किती? सुमारे १,८५२ मीटर. बरोबर एक सागरी मैल! सागरी मैल म्हणजे पृथ्वीवरच्या अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. म्हणजे गाठी मोजल्या की नकाशावर आपण तासाला किती सरकतो, हे गुणाकार-भागाकार न करता कळे. नॉट हे अंतर नव्हे, वेग आहे. म्हणून ‘ताशी दहा नॉट’ म्हणणे चूक. मिळालेला आकडा आधी पाटीवर खडूने लिहीत आणि मग वहीत उतरवीत. ती वही म्हणजे लॉगबुक. संगणकावर आपण रोज ‘लॉग-इन’ करतो, त्यातला लॉग हाच लाकडाचा तुकडा.

दोरीची ही रीत विल्यम बोर्न या इंग्रजाच्या १५७४ च्या पुस्तकात वर्णिलेली आहे, पण तेव्हा माप वेगळे होते. गाठी ४२ फुटांवर आणि घड्याळ ३० सेकंदांचे, कारण मैल ५,००० फुटांचा धरत. ते चूक असल्याचे रिचर्ड नॉरवूडने दाखवले. १६३३ आणि १६३५ मध्ये लंडन व यॉर्क येथे त्याने सूर्याची उंची मोजली. दोन्ही शहरांमधले अंतर काही ठिकाणी साखळीने, काही ठिकाणी पावलांनी मोजले आणि सागरी मैल ६,१२० फुटांचा ठरवला. आजचा मैल ६,०७६ फुटांचा आहे, म्हणजे त्याची चूक एक टक्क्याहूनही कमी! पायी चालत पृथ्वी मोजणाऱ्या या माणसापुढे मान लवते.

तरीही खलाशी कित्येक वर्षे जुन्याच गाठी वापरत राहिले, आणि त्याला कारण होते. गाठी जवळजवळ असल्या की वेग खऱ्यापेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने जास्त भरतो. मग किनारा जवळ आला असे आधीच वाटते आणि डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू होतो. उलट चूक झाली तर अंधारात थेट खडकावर. चुकायचेच असेल तर जीव वाचेल अशा बाजूने चुकावे, हा त्यांचा हिशेब होता.

खोली मोजण्याच्या ‘फॅदम’चा उगम याहून साधा आहे. दोन्ही हात फैलावले की होणारी लांबी, म्हणजे आपल्या कोकणातली ‘वाव’. फॅदम पुढे सहा फुटांवर पक्का झाला. खोली मोजायच्या दोरीवर ठरावीक फॅदमांवर कातडे, पांढरे कापड, लाल कापड अशा वेगवेगळ्या खुणा असत. रात्री दिसले नाही तरी बोटांना कातडे आणि कापड वेगळे लागे. खालच्या शिशाच्या वजनाच्या बुडाला खळगा असे. त्यात चरबी भरत. तिला चिकटून वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा वर येई आणि तळ कसला आहे ते कळे. मिसिसिपी नदीवरच्या बोटींत दोन फॅदमांची खूण लागली की ‘मार्क ट्वेन’ अशी हाळी देत. तिथे बोट चालवणाऱ्या सॅम्युएल क्लेमन्सने तेच टोपणनाव घेतले.

आता पितळी माकडाकडे येऊ. कडाक्याच्या थंडीसाठी इंग्रजीत एक वाक्प्रचार आहे. त्यात पितळी माकडाचे गोळे गळून पडतात. याची कथा अशी सांगतात: जहाजावर लोखंडी तोफगोळ्यांची रास पितळेच्या तबकावर रचलेली असे. त्या तबकाला ‘मंकी’ म्हणत. थंडीत पितळ लोखंडापेक्षा जास्त आकसते, म्हणून रास कोसळायची. ऐकायला अगदी शास्त्रीय. पण आकडे घाला. तबक एक मीटरचे धरा आणि तापमान ५० अंश सेल्सिअसने उतरले असे माना. पितळ आकसेल साधारण ०.९५ मिलिमीटर, लोखंड ०.६. फरक अर्ध्या मिलिमीटरचाही नाही. एवढ्याने रास कोसळत नसते. शिवाय डोलणाऱ्या जहाजावर गोळ्यांचा उघडा ढीग कोण रचील? गोळे ठेवत ते भोके पाडलेल्या लाकडी फळ्यांत. हर्मन मेलव्हिलच्या १८४७ च्या ‘ओमू’ या पुस्तकात हे पितळी माकड भेटते, पण तिथे थंडी नाहीच. तिथे उकाडा आहे आणि वितळते ते माकडाचे नाक.

‘पॉश’ची कथा मात्र आकड्यांना पुरून उरते. ती मुंबईशी जोडलेली आहे. विलायतेहून पी अँड ओ कंपनीच्या बोटीने इकडे येताना श्रीमंत प्रवासी डाव्या बाजूची, म्हणजे ‘पोर्ट’कडची खोली घेत, परतताना उजवीकडची, ‘स्टारबोर्ड’ची. तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे उमटवत, आणि त्यांचा झाला पॉश. भूगोल याला साथ देतो. बोट पूर्वेकडे निघाली की डावी बाजू उत्तरेला येते आणि भूमध्य समुद्रात सूर्य दक्षिणेकडे असतो. डावीकडे सावली पडणारच.

इतके जुळूनही तसा शिक्का असलेले एकही तिकीट पुढे आलेले नाही. उलट १८९० च्या सुमारास इंग्रजी बोलीत पॉश हा शब्द नटूनथटून फिरणाऱ्या माणसासाठी वापरात होता. त्याआधी तो किरकोळ पैशांसाठी होता, आणि तिथे तो जिप्सींच्या रोमानी भाषेतून आल्याचे मानतात. शिवाय आद्याक्षरे जोडून शब्द करण्याची चाल इंग्रजीत रुळली ती विसाव्या शतकात.