वेग कुठे अडला?

[घरातील इंटरनेट मंद झाले की आपण लगेच कोणाला तरी दोष देतो. पण दोष नेमका कुठे आहे, हे शोधण्याची एक पद्धत असते. ती पद्धत या पाठात समजावून सांगितली आहे.]

मुलांनो, घरातील संगणकावर इंटरनेट मंद चालू लागले की काय होते ते आठवून पाहा. अब्बा म्हणतात, “कंपनी पैसे पूर्ण घेते आणि वेग अर्धाच देते.” मोठा भाऊ म्हणतो, “आपला संगणकच जुना झाला. नवा घ्यायला हवा.” अम्मी म्हणतात, “मुले दिवसभर मोबाइलवर चित्रपट पाहतात, मग दुसरे काय होणार?” यांपैकी कोणाचे म्हणणे खरे? कदाचित एकाचे, कदाचित कोणाचेच नाही. कारण वेग कुठे अडला, हे अजून कोणी मोजून पाहिलेलेच नाही.

न मोजता घेतलेला निर्णय महागात पडतो. दोष शंभर-दोनशे रुपयांच्या तारेत असेल आणि आपण हजारो रुपयांचा नवा संगणक आणला, तर पैसे जातात आणि दोष तसाच राहतो. शिवाय प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज आज संगणकावर भरावे लागतात. अर्जाच्या शेवटच्या दिवशी इंटरनेट अडले, तर नुकसान केवळ पैशांचे होत नाही. म्हणून दोष शोधण्याची रीत प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावी.

माहितीची वाट

आपल्या देशात सामान्य लोकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. तेव्हा संगणक टेलिफोनच्या तारेला जोडावा लागे आणि वेग अगदी कमी असे. आज अनेक घरांत काचेच्या केसासारख्या बारीक तंतूतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, प्रकाशाच्या रूपाने माहिती येते. २०२३ साली सरकारने ठरवले, की सेकंदाला किमान २ मेगाबिट वेग असेल तरच त्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणावे. घरोघरी मिळणाऱ्या जोडण्यांचा वेग तर याच्या कितीतरी पट असतो.

ही माहिती तुमच्या संगणकापर्यंत कोणत्या वाटेने येते? प्रथम कंपनीच्या केंद्रातून फायबर घरात येतो. तो एका पेटीला जोडलेला असतो. तिला मोडेम म्हणतात. मोडेम प्रकाशाचे रूपांतर विजेच्या संकेतांत करतो. मग राउटर नावाची पेटी ही माहिती घरातील संगणक आणि मोबाइल यांना वाटून देते. पुष्कळ घरांत मोडेम आणि राउटर एकाच पेटीत असतात. राउटरपासून टेबलावरच्या संगणकापर्यंत एक जाड तार जाते. तिला लॅन केबल म्हणतात.

घरातील नळाचे उदाहरण घ्या. टाकी भरलेली आहे, मोठा पाइपही ठीक आहे. पण नळाजवळचा लहान पाइप गाळाने भरला, तर पाणी बारीकच येणार. इंटरनेटचेही तसेच आहे. वाटेतील सर्वांत अरुंद जागा संपूर्ण वाटेचा वेग ठरवते. आपल्याला ती अरुंद जागा शोधायची आहे.

बिट आणि बाइट

शोध सुरू करण्यापूर्वी एक गैरसमज दूर करू. कंपनी इंटरनेटचा वेग बिटमध्ये सांगते. संगणक मात्र फाइल उतरवताना तिचा वेग बहुधा बाइटमध्ये दाखवतो. ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणून सेकंदाला १०० मेगाबिट वेगाची जोडणी असेल, तर पडद्यावर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट एवढाच आकडा दिसेल. हा आकडा पाहून “शंभराऐवजी बाराच मिळतात” अशी तक्रार करणारे लोक कमी नाहीत. त्यांच्या जोडणीत काहीच दोष नसतो. भागाकार तेवढा राहून गेलेला असतो.

मोजा आणि लिहा

वेग मोजून देणारी अनेक संकेतस्थळे आहेत. त्यांपैकी एक निवडा आणि प्रत्येक वेळी तेच वापरा. मोजण्यापूर्वी घरातील इतर मोबाइल आणि टीव्ही यांवरचे इंटरनेट थोडा वेळ बंद ठेवा. सकाळी, दुपारी आणि रात्री असे तीन वेळा मोजा. दिवस, वेळ आणि आकडा वहीत लिहा. ही वही पुढे फार उपयोगी पडते.

समजा, तुमची जोडणी २०० मेगाबिटची आहे. राउटरजवळ बसून मोबाइलवर मोजले, तर आकडा १८० आला. संगणकावर मात्र तो ९४ आला. यावरून काय समजते? कंपनीकडून घरापर्यंत पुरेसा वेग येत आहे. राउटरही तो पुढे देत आहे. तेव्हा दोष लॅन केबलमध्ये, ती जिथे जोडली आहे त्या खाचांमध्ये किंवा संगणकात असला पाहिजे. एका मोजणीने अर्धी वाट शोधातून वगळली गेली!

मोबाइलवरही आकडा कमी आला, तर घाईने निष्कर्ष काढू नका. वाय-फायचा वेग भिंती, अंतर आणि मोबाइलचे वय यांमुळेही घटतो. अशा वेळी पुढच्या पायऱ्या कराव्या लागतात.

९४ या आकड्याचे रहस्य

वर आलेला ९४ हा आकडा पुन्हा पाहा. किती वेळा मोजले, तरी तो ९४ किंवा ९५ च्या पुढे जात नाही. ही मोठी खूण आहे.

लॅन केबलच्या आत आठ बारीक तारा असतात. त्यांच्या चार जोड्या केलेल्या असतात आणि प्रत्येक जोडीतील दोन तारांना एकमेकींभोवती पीळ दिलेला असतो. पिळामुळे बाहेरच्या विजेचा त्रास कमी होतो. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली अशा पिळाच्या जोडीचे पेटंट घेतले होते. आज तुमच्या संगणकामागे तीच कल्पना काम करते आहे.

सेकंदाला १०० मेगाबिट वेगासाठी चारपैकी दोनच जोड्या पुरतात. १००० मेगाबिट वेगासाठी चारही जोड्या लागतात. आता समजा, केबल कपाटाच्या पायाखाली दबली किंवा उंदराने कुरतडली आणि एक तार तुटली. मग १००० मेगाबिटची जोडणी होऊ शकत नाही. पण तुटलेली तार १०० मेगाबिटसाठी लागणाऱ्या दोन जोड्यांतली नसेल, तर इंटरनेट बंदही पडत नाही. संगणक आणि राउटर आपापसांत ठरवून १०० मेगाबिटवर उतरतात. त्यातील काही भाग माहितीच्या पाकिटांवर पत्ते लिहिण्यातच खर्च होतो. उरतात सुमारे ९४! इंटरनेट चालू असते, म्हणून केबलवर कोणाला संशयच येत नाही.

हे संगणकावर तपासता येते. विंडोजमध्ये ‘सेटिंग्ज’ उघडा, ‘नेटवर्क’ या भागात जा आणि ‘इथरनेट’ निवडा. तेथे ‘लिंक स्पीड’ या शब्दांपुढे आकडा दिसेल. तो १००० असेल, तर केबल बहुधा ठीक आहे. तो १०० असेल, तर केबलची दोन्ही टोके काढून पुन्हा नीट बसवा. बसताना ‘टिक’ असा आवाज आला पाहिजे. टोकाची प्लॅस्टिकची लहान पट्टी मोडली असेल, तर केबल खाचेत घट्ट बसत नाही. मग राउटरची दुसरी खाच वापरून पाहा. शेवटी शेजाऱ्यांकडून चांगली केबल मागून ती लावून पाहा. नवी केबल घेताना तिच्यावर ‘कॅट ५ ई’ किंवा ‘कॅट ६’ असे छापलेले पाहून घ्या.

केबल बदलूनही आकडा १०० च राहिला, तर राउटरची किंवा संगणकाची खाचच १०० मेगाबिटची असू शकते. जुन्या आणि स्वस्त पेट्यांत असे आढळते. तो बिघाड नव्हे. ती त्या यंत्राची मर्यादा होय. आणि तुमची जोडणीच १०० मेगाबिटची किंवा त्याहून कमी असेल, तर तेवढी केबल आणि तेवढी खाच पुरेशी आहे. उगाच खर्च करू नका.

संगणकात डोकावून पाहा

केबल ठीक आहे, तरी वेग कमीच आहे. मग संगणकावरील इतर कामे पाहा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यातील ‘नेटवर्क’ या रकान्यात कोणता कार्यक्रम किती इंटरनेट वापरतो ते दिसते. कधी विंडोज स्वतःची नवी आवृत्ती गुपचूप उतरवत असते. कधी मोबाइलवरून संगणकात घेतलेले शेकडो फोटो दूरच्या साठ्यात चढत असतात. असे काम संपू द्या आणि मग पुन्हा मोजा. ओळखीचा नसलेला कार्यक्रम सतत इंटरनेट वापरत असेल, तर घरातील जाणत्या माणसाला दाखवा आणि संगणकाची विषाणू-तपासणी करा.

राउटरची परीक्षा

आता राउटरकडे वळू. मोडेम आणि राउटर यांची वीज बंद करा, एक मिनिट थांबा आणि पुन्हा चालू करा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. मात्र पेटीच्या मागे बारीक छिद्रात ‘रिसेट’ची कळ असते, तिला हात लावू नका. ती दाबून धरली, तर जोडणीची सर्व माहिती पुसली जाते आणि चालू असलेले इंटरनेटही बंद पडू शकते.

संगणक आणि राउटर यांच्यामधली वाट तपासण्यासाठी ‘पिंग’ नावाची आज्ञा आहे. माइक मूस या अमेरिकन तज्ज्ञाने ती डिसेंबर १९८३ मध्ये तयार केली. पाणबुडी शोधताना पाण्यात ध्वनी सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतात. त्या आवाजावरून हे नाव पडले. ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडा, इंग्रजी लिपीत पिंग हा शब्द लिहा आणि त्यापुढे राउटरचा पत्ता लिहा. हा पत्ता बहुधा राउटरच्या खाली चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत यायला हवे. उत्तरे मध्येच गळू लागली, तर दोष घरातच आहे असे समजा.

मोडेम आणि राउटर वेगवेगळे असतील, तर संगणक थेट मोडेमला जोडून मोजता येते. काही जोडण्यांत त्यासाठी नाव आणि परवलीचा शब्द भरावा लागतो. ते माहीत नसल्यास कंपनीच्या माणसाकडून ही चाचणी करून घ्या. थेट जोडल्यावर वेग पूर्ण आला, तर दोष राउटरचा. तेव्हाही कमी आला, तर दोष मोडेममध्ये किंवा त्याच्या मागे आहे.

तक्रार कशी करावी?

तक्रार करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा. पहिली, महिन्याचा ठरलेला डेटा संपला आहे का? तो संपल्यावर अनेक कंपन्या वेग मुद्दाम कमी करतात. दुसरी, मोडेमवर ‘एलओएस’ या अक्षरांजवळ लाल दिवा लागला आहे का? असल्यास प्रकाश घरापर्यंत नीट पोहोचत नाही. फायबर कुठे मुडपला किंवा तुटला असेल. तो स्वतः ओढू नका आणि त्याच्या उघड्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नका. त्यातील प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

आता वही उघडा. केवळ रात्रीच वेग घटत असेल, तर त्या वेळी परिसरातील पुष्कळ लोक एकदम इंटरनेट वापरत असतील. दिवसभर घटत असेल, तर कारण वेगळे असेल. “इंटरनेट चालत नाही” असे म्हणू नका. “केबल बदलली, संगणक थेट मोडेमला जोडला, तीन दिवस मोजले, २०० ऐवजी ४० मिळतात” असे सांगा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि लिहून ठेवा. समाधान झाले नाही, तर त्याच क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तोंडी रागापेक्षा वहीतील आकड्यांना उत्तर देणे कंपनीला भाग पडते.

मुलांनो, या सर्व शोधात एक नियम विसरू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच मोजा. केबल, राउटर आणि संगणक तिन्ही एकदम बदलले, तर वेग वाढेल. पण कशामुळे वाढला ते कळणार नाही. घरातील पंखा असो, सायकल असो की गणितातील चुकलेले उदाहरण असो, चूक अशीच पायरीपायरीने शोधायची असते.

शब्दार्थ

मंद – हळू, धीमा
तंतू – धागा
संकेत – खूण, इशारा
गैरसमज – चुकीची समजूत
निष्कर्ष – विचारानंतर काढलेले अनुमान
मर्यादा – सीमा, हद्द
परवलीचा शब्द – प्रवेशासाठीचा गुप्त शब्द
दाद मागणे – न्याय मागणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मोडेम कोणते काम करतो?
(आ) लॅन केबलमधील तारांना पीळ का दिलेला असतो?
(इ) ‘रिसेट’ची कळ का दाबू नये?

२. कारणे लिहा.
(अ) तार तुटली तरी केबलवर कोणाला संशय येत नाही.
(आ) एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

३. उदाहरण सोडवा.
जोडणीचा वेग सेकंदाला ४० मेगाबिट आहे. १०० मेगाबाइटची फाइल उतरवण्यास किमान किती सेकंद लागतील?

४. तुमच्या घरातील इंटरनेटचा वेग तीन दिवस मोजा आणि कंपनीला पाठवण्यासाठी तक्रारीचे पत्र मराठीत लिहा.